चार गेली, तीन आली

खोलीत दोन माणसं आहेत. एक मेजर, दुसरा त्याचा वयानं मोठा ॲडज्युटंट. दोघं बोलता बोलता थांबतात. लांबून इंजिनांची घरघर येते आहे. विमानं दिसायच्या आधीच दोघं कानांनी मोजायला लागतात. किती गेली होती ते दोघांना ठाऊक आहे. आता किती येतात एवढंच ऐकायचं आहे.

‘द डॉन पेट्रोल’ या १९३८ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग मी आप्पांच्या शेजारी बसून पाहिला. साताऱ्याच्या घरी, डिसेंबरातल्या एका रात्री, नातवानं आणून दिलेल्या लॅपटॉपवर. आप्पा ऐंशीला टेकलेले. पायावर घोंगडी, हातात चहाचा रिकामा पेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. पेला खाली ठेवला, मान किंचित कलती केली, डोळे मिटले. लहानपणापासून मी आप्पांना असं मान कलती करून ऐकताना पाहिलं आहे. रस्त्यानं ट्रक गेला तरी ते सांगत, ह्याचा एक सिलिंडर मारत नाही. पण त्या रात्री ते इंजिनाचा दोष ऐकत नव्हते. ते मोजत होते.

आप्पा हवाई दलात इंजिन फिटर होते. वैमानिक नव्हे, हे मी शाळेत सगळ्यांना सांगून सांगून थकले होते. वडील एअरफोर्समध्ये म्हटलं की पोरं विचारत, विमान चालवतात का? नाही, विमान चालू करून देतात, असं मी म्हणायची. १९७१च्या युद्धात ते पंजाबातल्या एका तळावर सुखोई-७ विमानांवर होते. त्यांच्या तोंडून त्या युद्धाबद्दल मी आयुष्यात चार वाक्यं ऐकली असतील. त्यातलं एक असं होतं: ‘चार गेली, तीन आली.’ पुढं काही नाही. आई त्यावर लगेच विषय बदलायची.

म्हणून हा चित्रपट त्यांना दाखवावा की नाही, ह्याचा मी बराच विचार केला होता. मी स्वतः तो आधी दोनदा पाहिला होता. लढाऊ विमानांचा चित्रपट म्हणून तो प्रसिद्ध आहे. एरॉल फ्लिनसारखा देखणा नायक, आकाशातल्या झटापटी, मद्याचे पेले आणि गाणी, सगळं त्यात आहे. पण पहिल्यांदा पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की ह्या गोष्टीचा जीव आकाशात नाही. तो खाली, त्या टेबलापाशी आहे. टेबलावर टेलिफोन आहे, कागद आहेत, बाटली आहे, आणि पलीकडे खुर्चीत बसलेल्या माणसाला उद्या पहाटे कोणाला पाठवायचं ते लिहायचं आहे.

गोष्ट घडते फ्रान्समध्ये, १९१५ साली. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची एक स्क्वॉड्रन आघाडीजवळ तळ देऊन आहे. मेजर ब्रँड तिचा प्रमुख. दोन आठवड्यांत त्याचे सोळा वैमानिक गेले आहेत. त्यांच्या जागी येतात ती मिसरूड न फुटलेली पोरं, कशीबशी उडायला शिकलेली, लढाई एकही न पाहिलेली. वरून फोन येतो, कामगिरी सांगितली जाते. ब्रँड विनवतो, थोडे दिवस द्या, ह्या पोरांना जरा तयार होऊ द्या. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ब्रँडचा चेहरा तेवढा दिसतो, आणि नंतर त्याचा ‘येस सर’. त्याच्या हाताखालचा कॅप्टन कोर्टनी, म्हणजे एरॉल फ्लिन, त्याला तोंडावर खाटीक ठरवतो. कोर्टनीचा जिवलग मित्र स्कॉट, म्हणजे डेव्हिड निव्हन, त्याच्या बाजूनं असतो. सगळी स्क्वॉड्रन मेजरचा तिरस्कार करते, आणि मेजर त्यांना तो करू देतो. ती पोरं माझीच आहेत, मीही रात्री झोपत नाही, असं तो त्यांना सांगत बसत नाही. सांगून काय होणार होतं? पहाटेची यादी तर तीच राहणार.

ब्रँडचं काम बेसिल रॅथबोननं केलं आहे. शेरलॉक होम्स म्हणून तो पुढं सगळ्या जगाला माहीत झाला. ह्या भूमिकेत त्याच्या डोळ्यांखाली जे काही दिसतं ते मला नुसत्या अभिनयाचं वाटत नाही. रॅथबोन पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष लढला होता. शत्रूच्या हद्दीत शिरून टेहळणी करायचं काम त्यानं केलं, मिलिटरी क्रॉस मिळवला. त्याचा धाकटा भाऊ जॉन १९१८च्या जूनमध्ये त्याच युद्धात मारला गेला. आणि ह्या चित्रपटाच्या मध्यावर एक धाकटा भाऊ नव्या पोरांच्या गाडीतून हसत हसत उतरतो. ते दृश्य निव्हनच्या आणि फ्लिनच्या वाट्याचं आहे, रॅथबोनच्या नाही. पण पटकथेतली ती पानं वाचताना त्याला काय वाटलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

कथा लिहिणाऱ्या जॉन मंक सॉन्डर्सचीही एक गोष्ट आहे. तो अमेरिकन. त्या युद्धात तो वैमानिकांना शिकवणारा होता, फ्लॉरिडात. फ्रान्सला, प्रत्यक्ष आघाडीवर जायला त्याला कधी मिळालं नाही, आणि ह्याची बोच त्याला जन्मभर राहिली. म्हणजे तोही मागं राहिलेला माणूस. त्यानं शिकवलेले गेले, तो जमिनीवर राहिला. पहिलं ऑस्कर मिळालेल्या ‘विंग्ज’ची कथा त्याचीच. ‘डॉन पेट्रोल’ आधी १९३०मध्ये हॉवर्ड हॉक्सनं केला, त्याच्या कथेबद्दल सॉन्डर्सला ऑस्कर मिळालं. आठ वर्षांनी एडमंड गोल्डिंगनं तोच पुन्हा केला, आणि आकाशातली बरीचशी दृश्यं जुन्या चित्रपटातून तशीच उचलली. १९४०मध्ये सॉन्डर्सनं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याची कारणं त्याची त्याला ठाऊक. पण ज्याला जायला मिळालं नाही त्याच्याच हातून, जे गेले त्यांना पाठवणाऱ्याची गोष्ट लिहिली गेली, हे मला फार खोलवर लागतं.

आप्पांचं लक्ष मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं. विमान जमिनीवर आलं, वैमानिक उतरला, कॅमेरा त्याच्यामागं गेला की आप्पा पडद्याच्या कडेला पाहत. तिथं मेकॅनिक धावत आलेले असत. कापडी पंखांना पडलेली गोळ्यांची भोकं कोणी बोटानं चाचपत असे.

‘ह्याचा फिटर कोण?’ त्यांनी दोनदा विचारलं.

‘दाखवत नाहीत, आप्पा.’

‘दाखवायला पाहिजे.’

मग म्हणाले, ‘एरंडेलाचा वास येत असणार तिथं. ह्या इंजिनांना एरंडेल लागायचं.’ आणि ते खरं आहे. त्या काळची रोटरी इंजिनं, म्हणजे पंख्याबरोबर आख्खं इंजिनच गरागरा फिरायचं, त्यांना वंगण म्हणून एरंडेल वापरत आणि ते तेल वैमानिकाच्या तोंडावर उडत राही. ही माहिती आप्पांना पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ट्रेनिंगमध्ये कोणा सार्जंटनं सांगितली होती. त्यांनी ती जपून ठेवलेली. आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली. चित्रपटात दिसणारी न्यूपोर विमानं १९१५ सालची नाहीत, नंतरची आहेत, हे मी वाचलेलं होतं. आप्पांनी काही वाचलेलं नव्हतं. ते नुसतं म्हणाले, ‘युद्धाच्या सुरुवातीला इतकं नीट विमान नसतं.’

त्या आकाशाची गणितंच माणसाच्या विरुद्ध होती. १९१५च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या फोकर विमानावर अशी मशीनगन आली, की गोळ्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून बरोबर सुटत. वैमानिकानं नाक शत्रूकडं धरायचं आणि चाप ओढायचा. ब्रिटिशांना ह्यावर तोड काढायला कित्येक महिने लागले. त्यातून लढाया बहुतेक जर्मनांच्या हद्दीवर होत, कारण ब्रिटिशांचं धोरणच पुढं घुसून लढायचं होतं. आणि तिथला वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो. म्हणजे जाताना वारा पाठीशी, परतताना तोंडावर. इंजिनाला गोळी लागलेली, टाकी गळते आहे, आणि घर वाऱ्याच्या दिशेला. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. पेटत्या विमानात दोनच वाटा, आणि दोन्ही एकाच जागी जाणाऱ्या. १९१७च्या एकट्या एप्रिल महिन्यात रॉयल फ्लाइंग कोअरची सुमारे २४५ विमानं गेली.

पुढं घुसून लढायचं हे धोरण राबवणारे ह्यू ट्रेंचर्ड १९१५च्या ऑगस्टपासून फ्रान्समधल्या फ्लाइंग कोअरचे प्रमुख होते. त्यांचा एक दंडक प्रसिद्ध आहे. मेसमध्ये सकाळच्या न्याहारीला एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये. काल गेलेल्याची जागा आज भरलेली हवी, म्हणजे उरलेल्यांचं लक्ष त्या रिकाम्या जागेकडं जाणार नाही. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्या खुर्चीचा विचार करत होते. त्यात शहाणपण आहे, हे मी नाकारणार नाही. युद्ध चालवणाऱ्याला बहुधा दुसरं काही करताच येत नाही. पण जो पोरगा रात्री ट्रकमधून उतरून सकाळी त्या खुर्चीत बसला, त्याला ती अजून ऊबदार लागली असेल. चित्रपटात हाच दंडक फळ्यावर दिसतो. नाव पुसायचं, त्याच जागी दुसरं लिहायचं. खडूची पांढरी फक्की खाली उरते.

संध्याकाळी ते सगळे बारमध्ये जमतात आणि मेलेल्यांच्या नावानं पेले उंचावत एक जुनं गाणं म्हणतात. त्या गाण्याचा उगम आपल्याकडच्या मातीत सांगतात. हिंदुस्थानात साथीच्या रोगानं पटापट मरणारे इंग्रज अधिकारी मेसमध्ये रात्री बसत, त्यांच्या कवितेवरून ते आलं आहे. साथीच्या काळातलं गाणं युद्धाच्या काळात लोकांना उपयोगी पडलं. हे मला कळलं तो दिवस २०२० नंतरचा होता, म्हणून ते जरा जास्तच आत गेलं. त्याचं पुढं सांगते.

आणि त्या मेसमध्ये आपल्याकडचेही होते. चित्रपटात एकही नाही, पण खऱ्या फ्लाइंग कोअरमध्ये होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवत. १९१८च्या जूनअखेर ते आघाडीवरून परतले नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला गेले. ते फ्रान्सच्या मातीतच आहेत. त्यांच्या पाठोपाठ तीन आठवड्यांनी कोलकात्याचे इंद्रलाल रॉय गेले, पंधरवड्याच्या आत दहा विमानं पाडून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. आप्पांना मी वेलिणकरांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. ‘वेलिणकर. म्हणजे गोव्या-कोकणाकडचं नाव हे.’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत. ओळखीच्या आडनावानं ते आकाश एकदम जवळ आलं असावं. मलाही तसंच झालं होतं.

आता चित्रपटातला तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी तो तीनदा पाहिला.

जर्मनांचा नामांकित वैमानिक फॉन रिख्टर एक दिवस ब्रिटिशांच्या तळावरून उडतो आणि खंदकातल्या सैनिकांच्या बुटांचा जोड खाली टाकतो. बरोबर चिठ्ठी, की तुम्ही आपले जमिनीवरच राहा. ब्रँड सगळ्यांना बजावतो, कोणी प्रत्युत्तराला जायचं नाही. कोर्टनी आणि स्कॉट पहाटेच्या अंधारात हुकूम मोडून जातात. जर्मनांच्या तळावर विमानं उभी असतानाच त्यांची राखरांगोळी करतात, बूट परत टाकून येतात. ब्रँड संतापानं थरथरतो. दोघांवर कारवाई करायच्या बेतात असतो, तेवढ्यात वरून फोन येतो. शाबासकी. आणि त्या शाबासकीबरोबर ब्रँडला बढती, विंगच्या मुख्यालयात. आपल्या जागी कोणाला नेमायचं ते ब्रँडनंच सांगायचं.

आणि रॅथबोन हसायला लागतो.

ते हसू मी कोणत्याच चित्रपटात दुसरीकडं पाहिलेलं नाही. त्यात सूड आहे, हे उघडच आहे. मला खाटीक म्हणालास ना, घे सुरी हातात. पण मला त्यात सूडापेक्षा सुटका जास्त दिसते. पाठीवरचं पोतं दुसऱ्याच्या पाठीवर गेल्यावर हमाल जसा ताठ होतो, तसा तो ताठ होतो. आणि समोर फ्लिनचा चेहरा. इतका वेळ बेफिकीर असलेला तो देखणा चेहरा त्या क्षणाला एकदम थोराड होतो. त्याला कळतं, काय झालं ते. त्याच्या हातून उडणं काढून घेतलं, आणि मोजणं दिलं.

आप्पा इथं म्हणाले, ‘थांबव जरा.’ मी थांबवलं. पडद्यावर फ्लिन तसाच खिळून राहिला. आप्पा पाणी प्यायले, चष्मा पुसला, आणि ‘लाव’ म्हणाले. मध्ये काहीच बोलले नाहीत.

मी अठ्ठावीस वर्षं नर्स होते. शेवटची सहा वर्षं इन्चार्ज सिस्टर. आमच्या आधीच्या इन्चार्ज सिस्टरांना आम्ही सगळ्या पाठीमागं नावं ठेवायचो. सणासुदीला नाइट लावतात, लेकुरवाळीला सवलत देत नाहीत, काळीज दगडाचं आहे. मीही म्हणाले आहे, आणि एकदा तर त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी हारतुरे झाल्यावर त्यांनी ड्युटी लिस्टचं ते लांबट रजिस्टर माझ्या हातात दिलं. ‘आता तू लिही,’ एवढंच म्हणाल्या. हसल्या नाहीत. पण त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. ते मला तेव्हा समजलं नव्हतं. रॅथबोन हसला तेव्हा समजलं.

२०२०च्या एप्रिलमध्ये आमच्याकडं कोविडचा वॉर्ड सुरू झाला. जुन्या, हात बसलेल्या मुली आळीपाळीनं आत जात होत्या. मे महिन्यात त्यांतल्या चार आजारी पडल्या, दोघींचे घरचे पाठवेनात. जागा भरायला ज्या आल्या त्या जीएनएमची परीक्षा नुकती दिलेल्या. पीपीई किट घालता येत होतं, पण काढता येत नव्हतं, आणि जीव जातो तो काढताना. हातमोजा कुठल्या बाजूनं सोलायचा, गाऊन आतला भाग बाहेर करून कसा गुंडाळायचा, मास्क सगळ्यात शेवटी, तोही फक्त मागच्या नाडीला धरून. हे अंगवळणी पडायला दिवस लागतात. मी वर फोन केला. आठ दिवस द्या, म्हटलं. ह्यांना साध्या वॉर्डात ठेवते, रोज दोनदा घालायला-काढायला लावते. पलीकडून उत्तर आलं, वॉर्ड रिकामा राहता कामा नये. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याचाही आवाज थकलेला होता. त्यालाही वरून कोणीतरी तेच सांगत असणार.

त्यांत एक मुलगी होती, सोलापूरकडची. मला ‘ताई’ म्हणायची. इन्चार्जला ताई म्हणायची रीत नाही, पण ती म्हणायची आणि मला ते आवडायचं. मी लिस्ट लिहायला बसले तेव्हा तिचं नाव चारदा वगळलं. चारही वेळा तिच्या जागी दुसरीचं लिहावं लागत होतं, आणि ती दुसरीही कोणाची तरी होतीच. पाचव्या वेळी मी तिचं नाव लिहिलं. निळ्या शाईनं, नेहमीसारखं, आडनाव आधी.

आठव्या दिवशी तिला ताप आला. अकरा दिवस ती आत होती, रुग्ण म्हणून. मी रोज दारापर्यंत जायची आणि काचेतून मॉनिटरचा आकडा बघायची. ब्याऐंशी, एकोणनव्वद, पंच्याऐंशी, ब्याण्णव. ती बरी झाली. कामावर परत आली, महिनाभर राहिली, मग नोकरी सोडून गावाकडं गेली. त्या महिन्यात ती माझ्याशी नीट बोलायची, काम चोख करायची. मला ‘मॅडम’ म्हणायची.

चित्रपटात नव्या पोरांच्या खेपेत स्कॉटचा धाकटा भाऊ डॉनी येतो. स्कॉट आनंदानं वेडा होतो आणि त्याच श्वासात घाबरतो. कोर्टनीजवळ येऊन म्हणतो, ह्याला थोडे दिवस दे, मी शिकवतो. कोर्टनी फोन उचलतो आणि ब्रँडनं केलेली तीच विनवणी करतो. तेच उत्तर मिळतं. पहाटेच्या यादीत डॉनीचं नाव येतं, आणि फॉन रिख्टर त्याला जळत्या विमानासकट खाली पाडतो. स्कॉट परत येऊन मित्राच्या तोंडावर जे बोलतो, ते शब्द कोर्टनीनं ब्रँडला सुनावलेल्या शब्दांच्याच जातीचे आहेत. फरक एवढाच, की ब्रँडवर कोणाचं प्रेम नव्हतं. इथं प्रेम आहे, म्हणून शब्द हाडात जातात. हे दृश्य मी कोविडच्या आधी पाहिलं तेव्हा माझं मन स्कॉटच्या बाजूला होतं. ह्या वेळी मी कोर्टनीचे हात बघत होते.

लोक ह्या चित्रपटाला युद्धविरोधी म्हणतात. असेल. १९३८चा नाताळ तोंडावर असताना तो प्रदर्शित झाला, आणि वर्षाच्या आत पुढचं युद्ध सुरू झालं. डेव्हिड निव्हन हॉलिवूड सोडून इंग्लंडला परतला आणि सैन्यात गेला, म्हणजे चित्रपटानं कोणाला थांबवलं असं काही नाही. मला त्यात जे दिसतं ते युद्धापुरतं नाही. वाईट म्हणायला एक माणूस लागतो, आणि तो पाठवणारा असतो. ती सोय असते पाठवलेल्यांची, आणि ती असावी. मला त्या मुलीच्या ‘मॅडम’बद्दल तक्रार नाही. तिला कुठंतरी राग ठेवायला जागा हवी होती, आणि मी त्या खुर्चीत बसले होते.

शेवट सगळ्यांना माहीत असतो तसाच आहे, तरी तो पाहवत नाही. ब्रँड नवा हुकूम घेऊन येतो. शत्रूच्या हद्दीत खूप आत दारूगोळ्याचं कोठार आहे, ते एकट्या विमानानं खालून उडत जाऊन उडवायचं. परतायची आशा जवळजवळ नाहीच. कोर्टनी स्वतः जातो म्हणतो, तर त्याला मनाई, कारण तो प्रमुख आहे. स्कॉट जायला तयार होतो. आदल्या रात्री कोर्टनी त्याच्याशी समेट करायला बाटली घेऊन बसतो, त्याला पाजत राहतो, तो झोपी गेला की पहाटे त्याच्याऐवजी स्वतः विमानात चढतो. कोठार उडतं. फॉन रिख्टरही पडतो. कोर्टनी परत येत नाही.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ह्याला त्याग म्हणाले होते. आता मला वाटतं, त्याला उडायचं होतं. पुन्हा एकदा वर, जिथं फक्त स्वतःचा जीव द्यावा लागतो. खाली बसून दुसऱ्यांचे जीव वाटण्यापेक्षा त्याला ते हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाची किंमत स्कॉटनं दिली, कारण जर्मन विमान वरून कोर्टनीचं हेल्मेट आणि गॉगल टाकून जातं त्या वेळी खुर्चीत स्कॉट आहे. नव्या पोरांची पुढची तुकडी समोर उभी आहे. तो त्यांना पहाटेची वेळ सांगतो.

पडदा काळा झाला. मी लॅपटॉप मिटला. आप्पा बसूनच राहिले. बाहेर रात्रीची शेवटची एसटी गेली, तिचा आवाज चढावर जाऊन विरेपर्यंत त्यांनी ऐकला. मग आपणहून बोलायला लागले. माझ्याकडं न बघता.

‘तो फ्लाइंग ऑफिसर चोवीस वर्षांचा होता. मी सत्तावीसचा. म्हणजे मी मोठा. त्याला पट्टे मीच आवळायचो. त्या दिवशी खांद्याचा पट्टा त्यानं स्वतः परत ओढून घेतला, अजून घट्ट पाहिजे म्हणून. फॉर्म सातशेवर सही केली, माझं पेन घेऊन. पेन परत दिलं. चार गेली.’

आप्पा थांबले.

‘तीन आली. उतरताना शेपटीमागची छत्री उघडली की पांढरं दिसतं लांबून, ते मी मोजलं. तीनच पांढरं. मी थांबलो. इंधन संपायची वेळ झाली, ती पण गेली, तरी थांबलो. रात्री सगळीकडं काळोख केलेला. कोणीतरी चालत आलं. आमच्या स्क्वॉड्रनचे सी. ओ. होते. टोपी नव्हती डोक्यावर. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ. मग मला विचारलं, इंजिन ठीक था ना?’

‘तुम्ही काय म्हणालात?’

‘ठीक होतं, सर, म्हटलं. खरंच ठीक होतं, मी तीनदा पाहिलेलं. पण बाई, तेव्हा मला वाटलं ते माझ्यावर ठेवताहेत. कितीतरी वर्षं मला तसंच वाटायचं. मी मनात तो फॉर्म परत परत वाचायचो, कुठं खूण करायची राहिली का म्हणून.’ त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपकडं बोट केलं. ‘आज हा माणूस बघितला, फोन ठेवल्यावर बसतो तो. ते माझ्यावर ठेवायला आले नव्हते. नाव त्यांनी लिहिलं होतं सकाळी. त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं. आणि मी नुसतं ठीक होतं म्हटलं.’

मी काही बोलले नाही. घोंगडी त्यांच्या पायावरून घसरली होती ती वर ओढली.

‘त्याच्या जागेवर चाकाच्या दोन उट्या पडलेल्या होत्या,’ आप्पा म्हणाले. विमानाच्या चाकांना लावायच्या लाकडी पाचरींना हवाई दलात चॉक म्हणतात, पण आप्पांच्या तोंडी गावचा बैलगाडीचाच शब्द येतो. ‘दोरीनं जोडलेल्या. विमान निघालं की मी त्या ओढून बाजूला घ्यायचो, आलं की लावायचो. सी. ओ. गेल्यावर मी त्या उचलल्या नाहीत. पडू दिल्या तशाच.’

‘मग?’

‘मग काय. पहाटे दुसरं विमान त्याच जागेवर आणून उभं केलं. त्यालाच लावल्या.’